एकशे अकरावर मोजलेला ट्रान्सफॉर्मर

रहिमतपूरच्या महेंद्रकडे रेडिओ दुरुस्तीला टाकला, की परत मिळताना बरोबर एक व्याख्यानही मिळे. रेडिओ कशानं बिघडला आणि त्यात गिऱ्हाइकाचा हात किती, हे ऐकल्याशिवाय सुटका नसे. तरी माणसं जात; कारण रेडिओ वाजे.

पण चौऱ्याण्णव सालापर्यंत रेडिओ कमी झाले होते. लोक टीव्ही घेत आणि बिघडला की साताऱ्याला नेत. अशात साखर कारखान्याच्या ऊसयार्डातून बोलावणं आलं. तिथं गुंडा बैलगाड्यांचे नंबर ओरडून पुकारायचा, आणि हंगाम अर्ध्यावर येईतो त्याचा घसा बसायचा. यार्डाचे प्रमुख उदयसिंह पलटणीतून आलेले. ते म्हणाले, "लाल दिव्यांचे आकडे दाखवणारे चार बोर्ड कर. फाटक, वजनकाटा, ऊस टाकायची गव्हाण, कॅन्टीन. चाललं तर यार्डाचं सगळं वायरिंग तुझं. न्हाई चाललं तर तू आन तुझं रेडिओ!"

बोर्ड झाले. चारी बोर्डांना मिळून वीज पुरवायला ट्रान्सफॉर्मर एकच, पण केवढा घ्यायचा? एका बोर्डाचा करंट मोजून चारनं गुणायचं, एवढाच हिशेब. मीटर लावताना गुंडा शेजारी होता.

"पयला आकडा शुभ लाव गड्या. एकशेअकरा."

महेंद्रच्या आजोबांनी शकुन-मुहूर्त छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घराबाहेर काढले होते. पण गुंडाच्या घशाचा मान म्हणून त्यानं एकशेअकरा लावला, मोजलं, गुणलं, वर थोडं धरलं आणि सांगलीहून दीड अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला. दुकानदार पाचाचा दाखवत होता. "ओझं गाढवाचं, आन हत्ती कशाला?" असं म्हणून महेंद्र निघून आला.

एकशेअकरानंच सुरुवात झाली. गाडीवान माना वर करून आपापला नंबर वाचत होते. एकशेसाठीच्या पुढं आकडे फिके पडू लागले. एकशेअठ्ठ्याऐंशीला ट्रान्सफॉर्मरमधून जळका वास आला, फ्यूज उडाला आणि चारही बोर्ड काळे झाले.

काळ्या बोर्डावर प्रत्येक गाडीवानाला आपलाच नंबर दिसला. चाळीस गाड्या एकदम काट्याकडं निघाल्या. बैल बैलांत अडकले, जू जुवात. गुंडा ओरडत होता, पण कुणाला, ते त्यालाही कळत नव्हतं.

महेंद्र ट्रान्सफॉर्मरचा खोका उघडून बसला, आणि त्याच्या ध्यानात आलं. एक काढायला दिव्यांच्या दोनच रेघा पेटतात. आठ काढायला सातही. त्यानं बोर्डाची भूक उपासाच्या दिवशी मोजली होती.

उदयसिंह आले. "लाइटीचा दोष?"

होय म्हणायला काही हरकत नव्हती. वीजमंडळ बिचारं सगळ्यांचंच ऐकून घेई.

"न्हाई सायेब. मोजताना मी चुकलो. आठशेअठ्ठ्याऐंशीवर मोजाय पायजे होतं."

"कुणी सांगितलं होतं एकशेअकरावर मोजाय?"

गुंडानं बैलांकडं तोंड फिरवलं.

"कुणी न्हाई. मलाच सुचलं," महेंद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पाचाचा घेऊन आला. दुकानदार हसला, ते त्यानं सोसलं. उदयसिंहांनी चारी बोर्डांवर आठशेअठ्ठ्याऐंशी लावायला सांगितला आणि तासभर ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवून खुर्चीत बसून राहिले. गाडीवान येऊन बघून जात. सायेबाला ताप आलाय का यंत्राला, ते कळेना.

तासानं त्यांनी हात काढला.

"कोमट हाय," ते म्हणाले. "उद्या कॅन्टीनपासनं वायरिंग सुरू कर. तिथला पंखा शॉक देतोय."