मिश्रीच्या डबीतलं मलम

आमची पोस्टिंग उत्तर सीमेवर होती, बर्फातल्या एका चौकीवर. माणसं बारा. पाचला उठायचं. साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सगळ्यांनी खंदकात उभं राहायचं. एकेकाचं नाव पुकारायचं काम माझं. पुढनं "हजर" आलं की पुढचं नाव. सातला चहा, मग बर्फ उपसायचा. लोकांना वाटतं फौजेत रोज गोळ्या चालतात. आम्ही रोज फावडं चालवत होतो.

मी हवालदार, गाव कोडोली. माझा जोडीदार नाईक आप्पासो चौगुले, राधानगरीकडचा. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. आप्पाला मिश्रीचं व्यसन. चहाच्या आधी पेटीवर बसून, पत्र्याच्या डबीतली भाजलेली तंबाखू बोटावर घेऊन दहा मिनिटं हिरड्या घासायचा. पोरं चिडवायची, "आप्पा, म्हातारीगत काय घासत बसलायस?" तो हसायचा आणि घासायचा.

एका सोमवारी गाल धरून आला.

"खालची दाढ लई ठणकतीया, मर्दा."

"साहेबांना सांग."

"खुळा हाईस काय? सिक रिपोर्ट केला की हॉस्पिटलात धाडत्यात. मग सुट्टी बोंबलली!"

त्याची सुट्टी दहा दिवसांवर होती. मुलगी दोन महिन्यांची झालेली, त्यानं अजून बघितलेली नव्हती. घरच्यांनी बारसं त्याच्यासाठी अडवून धरलेलं. माझ्या पेटीत दातदुखीच्या जेलची ट्यूब होती, निघताना बायकोनं घातलेली. मी म्हटलं, "दोन दिवस लाव. न्हाय थांबलं तर मी सांगणार." वाटाण्याएवढं लावलं आणि पाच मिनिटांत दाढ बधिर. गडी खुलला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

बुधवारी विचारलं, तर म्हणाला, "थांबलंय की!" ट्यूब परत मागितली तर म्हणे बर्फात पडली. माझं डोकंच फिरलं. "एक ट्यूब सांभाळता येत न्हाय, रायफल काय सांभाळणार तू?"

मग रोज तो पेटीवर बसून, डबी काढून हिरड्या घासताना दिसायचा. लोकरीची माकडटोपी ओठांपुरती खाली ओढायचा, बाकी तोंड झाकलेलं. सगळ्यांचंच तसं असायचं. मिश्री सुरू झाली म्हणजे दाढ बरी झाली, असं मी धरून चाललो. तो जेवत कमी होता, पण त्या उंचीवर भूक कुणाला लागते?

पुढच्या सोमवारी स्टँड-टूला मी नाव पुकारलं, "आप्पासो चौगुले." उत्तर आलं नाही. परत पुकारलं. तो समोरच उभा होता, पण आवाज फुटेना. मी टोपी ओढून काढली. जबड्यापासून गळ्यापर्यंत सूज, कातडी ताणलेली, अंग भाजत होतं. तोंड बोटभरसुद्धा उघडेना.

पाच पन्नासला मी वायरलेस घेतला.

"एक जवान सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"गोळी लागली का? ओव्हर."

"नाही सर. दाढ. ओव्हर."



"पुन्हा सांगा. काय? ओव्हर."

"दाढ, सर. श्वास अडकतोय. ओव्हर."

"ढग आहेत. हेलिकॉप्टर येणार नाही. स्ट्रेचरवर खाली आणा. आऊट."

सहा जणांनी आळीपाळीनं उचललं. आडवा केला की गुदमरायचा, म्हणून बसता करून बांधला. मी बाजूनं मान धरून चाललो. दहा चाळीसला खालचे तंबू दिसायला लागले आणि त्याची मान माझ्या हातात जड झाली. डॉक्टर कॅप्टनसाहेब धावत वर आले होते. त्यांनी खटपट केली, मग हात थांबवले.

"दाढेचा पू गळ्यात उतरला. किती दिवस दुखत होतं?"

"सर, दुखत नव्हतं."



सामान बांधताना मी डबी उघडली. आत मिश्री नव्हती. लवंगेच्या वासाचं जेल होतं, त्यावर बोटाचा ओरखडा. माझी ट्यूब त्यानं डबीत पिळून ठेवली होती आणि माझ्यादेखत रोज घासत होता.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. इथं तर भलत्या जागी बंब मीच नेऊन दिलेला. डबीत जेल लपवलं म्हणून त्याला शिव्या घालू, की ट्यूब दिली म्हणून स्वतःला? बायकोनं तर मायेनं घातली होती. बावीस वर्षं झाली, मला अजून उमगलेलं नाही. त्याच्या गावात कुणी म्हणतं गोळी लागली, कुणी म्हणतं बर्फात गाडला गेला. मी कुणाला काही बोललो नाही. चुकलंच माझं.

गेल्या महिन्यात प्राजक्ताचा फोन आला. आप्पाची ही मुलगी आता उचगावात नोकरीला आहे, मला काका म्हणते.

"काका, रविवारी यायला जमलं न्हाय. दाढ दुखत हुती. मेडिकलातनं जेल आणून लावतोय चार दिवस झालं. आता थांबलंय की!"

बापाचा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही. मोटरसायकल काढली, उचगाव गाठलं आणि तिला मागं बसवून दातांच्या दवाखान्यात आणलं. बाकावर बसल्यावर ती वैतागली.

"एवढं काय झालं ओ काका? दुखत न्हाय म्हणतोय न्हवं?"

"म्हणूनच आणलंय," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. डबीचं, वायरलेसचं, ट्यूब माझी होती तेही.

तिनं गालाला हात लावला. म्हणाली, "म्हंजे बाबा माझ्या बारशासाठी गप बसलं?"

व्हय म्हणावं तर ओझं पोरीच्या डोक्यावर. न्हाय म्हणावं तर आप्पाशी खोटं.

तेवढ्यात आतून बाईंनी पुकारलं, "प्राजक्ता आप्पासो चौगुले!"

मधलं नाव कानावर पडलं आणि मी ताडकन उभा राहिलो, टाचा जुळवून.

"हजर!"

बाकावरची माणसं बघायला लागली. प्राजक्तानं माझा हात धरला आणि आम्ही आत गेलो.