बाबा आरोग्यमंत्री होते तेव्हा

बाबांच्या जयंतीला नागपूरच्या महाल भागातली पोरं मला न्यायला येतात. गुडघे धरलेत, यंदा नको रे बाबांनो, असं म्हटलं तर ऐकत नाहीत. "आजी, तुम्ही नाही आल्या तर कार्यक्रमाले अर्थच काय? गाडी आणली ना आम्ही!" मग शाल, श्रीफळ आणि तोच किस्सा. खरं सांगते, मला आता तो ऐकायचाही कंटाळा आलाय.

बाबा इंग्रजांच्या काळापासून नागपूरच्या सचिवालयात अधिकारी होते. स्वातंत्र्यानंतर नोकरी सोडून निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले आणि आरोग्यमंत्री झाले. पण हाडाचा अधिकारी मंत्री झाला म्हणून बदलतो थोडाच! सभेतही फाइलवरचा शेरा वाचल्यासारखं बोलायचे. त्याच वर्षी माझा मेडिकलला नंबर लागला, माझ्या मार्कांवर. बाबांनी कॉलेजात फोन केला आणि माझं नाव काढायला लावलं. खातं त्यांचं, मुलगी त्यांची. मला सांगितलं ते रात्री जेवताना.

"पुढच्या साली पाहू वं. आता घेतली तर लोक म्हणतीन, बापानं घुसवली."

मी भरल्या ताटावरून उठले. पुढच्या साली माझं लग्न झालं. त्यानंतरच्या निवडणुकीत लोकांनी बाबांना नारळ दिला.

किस्सा मात्र फोनपाशीच संपतो. वक्ता फोटोला नमस्कार करतो, टाळ्या पडतात. मला राग येतो, या वयातही येतो. त्याग बाबांचा म्हणतात, पण जागा तर माझी होती. हार घातलेल्या फोटोशेजारी बसून भांडायचं तरी कोणाशी? मी हात जोडते आणि घरी सोडा म्हणते.

पुढची गोष्ट मी तिथे कधी सांगितली नाही. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मी माहेरी होते. त्यांना दम लागायचा. त्या दिवशी डॉक्टरांना दोनदा निरोप धाडला, तरी त्यांचा पत्ता नव्हता. मी बाबांना उशांना टेकवून बसवलं आणि पाठ चोळत राहिले. मला दुसरं काय येत होतं?

जरा दम कमी झाल्यावर ते म्हणाले, "आपल्या घरात एक तरी डॉक्टर पाहिजे होता वं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता, पश्चात्तापही नव्हता. ते साफ विसरून गेले होते.

"हो बाबा," मी म्हणाले, "पाहिजे होता."