रिकामा बसलेला माणूस

वऱ्हाडातल्या एका मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मी ड्रेसिंगसाठी बसलो होतो. एका शिकाऊ डॉक्टर मुलीने आपल्या प्राध्यापकांना माझ्या शेजारी आणून बसवलं. रुग्णांचे हेलपाटे कमी करायचा तिचा प्रकल्प मार्गदर्शकावाचून अडला होता.

"सही देतो ना. मले इथं कावून बसवून राहिली?"

"सही नको सर. अर्धा तास नुसतं पाहा."

सरांनी घड्याळच पाहिलं.

तेवढ्यात तिसऱ्यांदा जिना चढायला निघालेली म्हातारी त्यांच्यापुढे थांबली. "बापू, रिकामाच बसला हायेस, तं वरून कागदावर शिक्का आणून दे ना."

त्यांच्या पदाला इतकं सरळ काम आजवर कुणी सांगितलं नसावं. ते गेले आणि धापा टाकत परतले.

"शिक्केवाले जेवाले गेले, आजी." मग मुलीकडे वळून म्हणाले, "ते शिक्क्याचं टेबल पहिले खाली आणू. उद्या किती वाजता बसाचं?"