बशीतला धूर

माझ्या सासऱ्यांना दर डिसेंबरात खोकला लागायचा आणि होळीच्या सुमारास आपोआप थांबायचा. ते त्याला थंडीचा खोकला म्हणायचे. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला, तो ते शर्टाच्या खिशात ठेवून विसरायचे.

गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी थोडी जमीन खंडाने घेतली होती. पावसाळ्यात भात, मग पालक, मुळा, वाल. पश्चिमेला जंगलाचा डोंगर, पूर्वेला इमारती आणि मध्ये बशीसारखी खोलगट ही जमीन. मी शाळेत भूगोल शिकवते, पण हवा कुठे साचते हे मला त्या बशीत उभं राहूनच कळलं.

एका रविवारी सकाळी सातला त्यांना चहा द्यायला गेले. वाळलेले वेल आणि पाला पेटवून ते शेजारी उकिडवे बसले होते. धूर शेवग्याच्या शेंड्यापर्यंत चढला आणि तिथेच आडवा पसरला. रात्री डोंगरावरून उतरलेली गार हवा तळाशी बसलेली, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. धुराला वर जायला वाटच नव्हती. सासरे खोकत होते.

"बाबा, खोकला थंडीचा नाही, या धुराचा आहे."

"तुका वाऱ्यातला काय कळता गो?" ते म्हणाले. "सकाळी वारो नसता, म्हणून पेटवतंय. दुपारी ठिणगी उडान रान पेटात."

ते चुकीचं बोलत नव्हते. म्हणून मी वाद घातला नाही. म्हटलं, एक दिवस फक्त बघा. पुढच्या शनिवारी टोपलीभर पाला सकाळी पेटवला, टोपलीभर दुपारी दोनला, शेजारी पाण्याची बादली ठेवून. सकाळचा धूर तासभर बांधावर रेंगाळला. दुपारी ऊन तापलं होतं, डोंगर ओलांडून समुद्राकडचा वारा आला होता. धूर उठला आणि पूर्वेला निघून गेला. ते त्याच्यामागे दोन पावलं चालत गेले. कोकणात ते लहानपणी होडीवर जायचे, वारा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

"सकाळी वारो बसलेलो असता, धूर जातलो खंय?" ते म्हणाले.

मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात पलीकडच्या इमारतीतल्या एक बाई कुंपणाशी आल्या. त्यांच्या कडेवर लहान मुलगी होती.

"अहो काका, सगळा धूर आमच्या घरात येतोय. हिला दम लागतो."

सासऱ्यांना ते लागलं. स्वतःच्या खोकल्याला त्यांनी कधी किंमत दिली नव्हती, पण त्या मुलीकडे बघून त्यांनी बादली उचलली आणि आग विझवली. मलाही वाईट वाटलं. माझ्या प्रयोगाने धूर फक्त दुसऱ्याच्या दारात नेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. पाला, वेल, मुळ्याची पानं, सगळं त्यात. वरून शेण आणि पाणी. शेजारच्या दोन शेतकऱ्यांना त्यांनी हिवाळ्यात पेटवू नका म्हणून सांगितलं, तेही अशा थाटात की ही अक्कल त्यांचीच. मी हसले. एकाने ऐकलं, दुसरा अजून पेटवतो.

भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, तो राब मात्र त्यांनी सोडला नाही. तो ते मे महिन्यात भाजतात, तेव्हा वारा सकाळपासूनच जागा असतो. पण आता आधी कुंपणाशी जाऊन त्या बाईंना सांगून येतात, "उद्या खिडक्या लावून घ्या."

खोकला पूर्ण गेला नाही. शहराची धूळ हिवाळ्यात त्या बशीत उतरतेच, सकाळी पालकाच्या पानांवरून बोट फिरवलं की काळं होतं. पण गेल्या दोन हिवाळ्यांत ते पूर्वीसारखे खोकल्याने रात्री उठून बसलेले नाहीत. पंप वेळेवर घेतात. आणि वर्गात हवेच्या झाकणाचा धडा आला की मी फळ्यावर आधी एक बशी काढते.