मिश्रीचा वास

माझा भाचा आता बेळगावात कॅन्सरचा डॉक्टर आहे. परवा जेवताना त्यानं मूळपेशी हा शब्द काढला. गाठ कापली, शेक दिला, तरी तिच्या काही मूळपेशी मागं राहू शकतात, म्हणाला. त्या निपचित पडून असतात, म्हणून भरभर वाढणाऱ्या पेशींना मारणारं औषध त्यांच्यावर नीट चालत नाही. मग कधीतरी जाग्या होतात आणि गाठ पुन्हा उभी करतात. यात रोग्याची चूक असेलच असं नाही. मी घास ताटात ठेवला. हे आमच्या घरातल्या हुंगणाऱ्यांना कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथल्या बहुतेक बायांसारखी मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि दातांना घासायची. ऐंशीच्या सुमाराला तिच्या गालात आतून गाठ आली. बेळगावात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मुळासकट काढलंय, आता मिश्री बंद. घरी येताच आईनं डबी चुलीत टाकली. सुरुवातीला डोकं धरून बसायची, आमच्यावर खेकसायची, पण बोट पुन्हा काळं केलं नाही.

वर्षाच्या आत त्याच जागी गाठ आली. घरात एकानंही रोगाला शिवी दिली नाही. "चोरून लावत असंल," आत्या म्हणाली, आणि निकाल लागला. आप्पा रोज संध्याकाळी आईला तोंड उघडायला लावून वास घ्यायचे. निपाणीत! जिथं वाऱ्याला तंबाखूचा वास, लुगड्याला वास, पोरांच्या दप्तरांना वास, तिथं हे बाईचं तोंड हुंगणार. बरं, एवढी काळजी होती तर तिला वखारीतनं घरी बसवायचं. ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आप्पा दर उन्हाळ्यात बांधावरची हरळी खणायचे. ती पुन्हा फुटली की म्हणायचे, मुळी राहिली असंल. रानाला खोटारडं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. बायकोला म्हटलेलं ऐकलं.

गाठीमुळं आईचं तोंड उघडेनासं होत चाललं तसं तिनं एकदा मला जवळ बोलावलं.

"तू हुंग गं. तू सांगितलंस तर ऐकतील."

"मला हुंगाय लागत नाही, आई," मी म्हणाले. तेवढ्यावर तिला रडू आलं.

आईच्या दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. पोरींची लग्नं करतो, धाकट्याला शिकवतो, सगळं कबूल करून झालं. तो आपला बाभळीवर बसून. शेवटी आत्यानं स्वतःच्या कमरेची मिश्रीची डबी काढली. "ह्यात जीव अडकलाय तिचा," म्हणत पिंडाशेजारी चिमूटभर ठेवली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. चार माणसांच्या देखत मी ती चिमूट पाण्यात लोटली. "तिनं सोडलीती," मी म्हणाले.

थोड्या वेळानं कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. आत्यानं पदर सावरला. म्हणाली, "वासावर आला बघ."