गुरुवारची गाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी साधी चोरून खाल्लेली बर्फीसुद्धा लपवू शकत नाही.

मी बहरीनमध्ये, मनामात एका मदतसंस्थेच्या ऑफिसात बसतो. केनियाच्या उत्तरेकडच्या दुष्काळी माळांवर गाड्या पाठवायच्या, हे माझं काम. तिथे दोन जमातींची गुरं एकाच विहिरीवर येतात. पाणी आटलं की मारामारी ठरलेली. म्हणून गुरं पोचण्याआधी दोन्हीकडच्या जाणत्या म्हाताऱ्यांना आमच्या गाडीने विहिरीवर आणायचं. ते पाळ्या लावून देत, मग गुरं पाण्यावर जात. इतकं साधं होतं ते.

यंदा पैसा देणाऱ्या परदेशी सरकारने हात आखडला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाड्या बंद झाल्या. पण साहेबांनी बजावलं, त्या सरकारचं पत्र येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. माझा व्हिसा साहेबांच्या हातात, मुलीची शाळा त्या व्हिसावर. बोलायचं तरी कसं? आणि न बोलून जायचं कुठे?

त्याच आठवड्यात हलीमाचा फोन आला. ती आमचं तिथलं काम बघायची, गुराख्यांच्याच घरातली. म्हणाली, "सर, गुरुवारी गाडी नक्की ना? नसेल तर मी गुरं विहिरीच्या अलीकडेच थांबवते."

'नाही' म्हणायचं होतं — बस. पण आमच्या ऑफिसात 'नाही' कुणी म्हणत नाही. नको त्या प्रश्नाला आम्ही सगळे जे म्हणतो, तेच माझ्या तोंडून गेलं. "येईल, इंशाल्ला." वर हसलोही, वाटतं.

गुरुवारी गुरं पोचली, म्हातारे नाहीत. पाळी कुणाची, हे सांगणार कोण? तहानलेली जनावरं कुणाचं ऐकत नाहीत. दोन्हीकडून बंदुका निघाल्या. हलीमाचा धाकटा भाऊ गेला.

तिने मला फोन केला तेव्हा मी इथे मनामाबाहेर, सलमाबादच्या रस्त्यावर होतो. गाडी बाजूला घेतली. खरं सांगायची ती दुसरी संधी होती — आणि मी काय म्हणालो? "गाडी वाटेत बिघडली."

निघालीच नव्हती हो गाडी.

ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, सर. तुम्ही पाठवली होती ना."

मी तिचे आभार मानले.