हळू बोला, आत शाळा सुरू हाय

पडदा वर जातो. सोलापूर, शुक्रवार पेठेतला एक अरुंद बोळ. वेळ सकाळी दहाची, पण ऊन दुपारचं. डाव्या हाताला माझी खोली, दारात एक लाकडी खुर्ची. समोर दुसरी खोली, तिचं दार लोटलेलं. दाराबाहेर गटाराच्या फरशीला लागून पत्र्याच्या एका तुकड्याखाली चूल पेटलेली, आणि चुलीपुढे एक बाई ज्वारीची भाकरी थापते आहे. हात वेगाने पडतायत, पण आवाज जवळजवळ नाहीच. नीट पाहिलंत तर परातीखाली चौघडी केलेलं गोणपाट दिसेल.

ही निंगव्वा. नाटक कंपन्यांतून मी चाळीस वर्षं हिंडलो, नायिका पुष्कळ पाहिल्या. आवाज होऊ नये म्हणून एवढी धडपडणारी बाई मात्र मी ह्या बोळातच पाहिली.

ती अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली. कानडी शाळेत दुसरीपर्यंत गेली. मग भाऊ झाला, त्याला कडेवर घ्यायला घरात कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. "भाऊ बारावी झाला, आप्पा," ती मला सांगायची, "माज्या कडेवर बसून झाला की." लग्न होऊन सोलापूरला आली. नवरा, बसप्पा, टॉवेलच्या कारखान्यात होता. मुलगी चौथीत असताना तो गेला. तेव्हापासून निंगव्वा कडक भाकरी करते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग निखाऱ्यांच्या कडेला उभी करून पापडासारखी तुटेपर्यंत सुकवायची. दुकानदाराचा माणूस संध्याकाळी गठ्ठे घेऊन जातो. मला दात नाहीत हे ती जाणते, म्हणून रोज दोन भाकरी तव्यावरून उतरताच, मऊ असताना, माझ्या ताटलीत येतात. मी कधी मागितल्या नाहीत, तिने कधी विचारलं नाही.

मुलीचं नाव चंद्रिका. ती सहावीत असताना साथ आली आणि शाळा मोबाइलमध्ये शिरली. निंगव्वाने मोबाइल घेतला. पहिल्याच आठवड्यात त्यातून बाईंचा आवाज आला, "कुणाच्या घरी मागे थपथप चाललंय? तो आवाज बंद करा बरं!" आणि मोबाइलमधली सगळी पोरं हसली. निंगव्वाला मराठी वाचता येत नाही, पण हसणं तिला समजलं. त्याच दिवशी तिने चूल बाहेर आणली.

साथ सरली, शाळेचे वर्ग भरले, चूल आत गेली. आणि गेल्या जूनमध्ये, चंद्रिका दहावीत गेली तेव्हा, चूल पुन्हा बाहेर आली.

"काय गं, हे काय?" मी विचारलं.

"ऑनलाईन हाय की, आप्पा. शाळेचं बांधकाम काढलंय म्हणं. दहावीला समदं ऑनलाईनच."

"कोण म्हणालं?"

"चंद्री म्हणाली."

एखादी बाई बार्शीला गेलीय असं सांगावं, तसं ती कोणी विचारलं की सांगायची, "चंद्री ऑनलाईनला गेलीया." दार लोटलेलं असायचं. भाजीवाला ओरडला तर निंगव्वा ओठावर बोट ठेवायची. गणपतीत मंडळाच्या पोरांना तिने हात जोडून ताशा दोन बोळ पुढे न्यायला लावला. पोरगी शिकेल, टेबलापाशी बसेल, तिच्या बोटांना चटके बसणार नाहीत, एवढं एकच तिला हवं होतं. दहावी पास. त्याच्या पुढचं तिने मनातसुद्धा मांडलं नव्हतं.

आत काय चालायचं, ते मला ठाऊक होतं. सगळं नाही, पण पुरेसं. पोरगी गादीवर पडून, कानात इअरफोन घालून रील बघायची. कोणी गालाला रंग लावतंय, कोणी नवं घर दाखवतंय, कोणी भांडतंय. अंगठा वर सरकायचा आणि नवीन माणूस यायचा. तिने मला ते स्वतःच दाखवलं होतं.

आता माझा प्रवेश सांगतो. तो चोरून ठेवला तर ही गोष्ट खोटी ठरेल.

जुलैतली गोष्ट. निंगव्वा दळण घेऊन गिरणीत गेली होती. चंद्रिका माझ्या खुर्चीपाशी येऊन बसली.

"आप्पा, एक डायलॉग मारा की."

"कुठला?"

"बाईंचा फोन येतोय. म्हणायचं, मी चंद्रिकेचा आजोबा, तिला ताप आलाय. बास."

"आणि ताप कुठंय?"

"डोकं लई दुखतंय की. एकच दिवस, आप्पा. तुमी तर ॲक्टर हाय."

अकरा वर्षांत मला कोणी भूमिका दिली नव्हती. मी घसा साफ केला, आवाज पोटातून काढला, मध्ये एक खोकलाही पेरला. पलीकडून वैजयंतीबाई, तिच्या वर्गशिक्षिका, घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही पण जपा हो!" फोन बंद झाल्यावर चंद्रिका म्हणाली, "खोकला जास्ती झाला. ओव्हर नको हं पुढच्या टायमाला." मी हसलो.

पुढची वेळ आली. ऑगस्टमध्ये कावीळ. सप्टेंबरात अक्कलकोटकडची एक आत्या मेली, तिच्यासाठी मी खरोखर डोळे पुसले. तोवर मला शाळा सुरू आहे हे कळून चुकलं होतं. बाई रोज वर्गात उभ्या राहतात, हे फोनवरून ऐकू येत होतं, मागे पोरांचा गलका असायचा. तरी मी बोललो. कारण चंद्रिकेने माझ्या जुन्या नाटकातल्या भाषणाचं रील केलं होतं आणि ते चारशे माणसांनी पाहिलं होतं. रोज येऊन आकडा सांगायची. निंगव्वाला एक वाक्य सांगितलं असतं, तर तो आकडा थांबला असता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वैजयंतीबाई स्वतः बोळात आल्या. स्कूटर कोपऱ्यावर लावून, पत्ता विचारत. चुलीपाशी थांबून त्यांनी मोठ्याने विचारलं, "चंद्रिका इथंच राहते का?"

निंगव्वाने पिठाचं बोट ओठावर ठेवलं. "हळू बोला, बाई. आत शाळा सुरू हाय."

"कुठली शाळा?"

"चंद्रीची. ऑनलाईन."

बाई म्हणाल्या, "मी तिची वर्गशिक्षिका आहे, ताई. मी तर इथं उभी आहे."

निंगव्वाचा हात परातीत तसाच राहिला. मला वाटलं काहीतरी बोलावं. मी खुर्चीतून म्हणालो, "बाई, आधी बसा तरी."

वैजयंतीबाई गर्रकन वळल्या. "आजोबा! तुम्हीच ना? तुमच्याशीच मी बोलले. बरी आहे का ती आता?"

"कुणाचे आजोबा?" निंगव्वाने विचारलं.

चाळीस वर्षांत मी वाक्य कधी विसरलो नव्हतो. त्या सकाळी विसरलो.

मग बाईंनी सगळं सांगितलं. जूनपासून मुलगी अकरा दिवस शाळेत आली. मोबाइलवर सात निरोप पाठवले, सातही वेळा आईचं उत्तर आलं, ओके मॅडम. सहीसाठी कुणी आलं नाही, हजेरी नाही, बोर्डाच्या फॉर्मची मुदत गेली. यंदा परीक्षेला बसता येणार नाही.

"माजं उत्तर?" निंगव्वा म्हणाली. "मला ओके बी लिवता येत न्हाय, बाई."

ती उठली, हात न धुता दार ढकललं. चंद्रिका मोबाइलकडे बघून हसत होती. मान वर न करताच म्हणाली, "अव्वा, दार लाव, आवाज येतोय." मग बाई दिसल्या.

निंगव्वाने मारलं नाही. इअरफोनची वायर हळूच ओढून काढली आणि विचारलं, "का गं?"

पोरीने मोबाइल गादीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "सहावीपासनं मला काय बी कळंना. वाचायला उभं केलं की पोरं हसत्यात. ह्याच्यात कोण हसत न्हाय मला."

वैजयंतीबाई पुढच्या वर्षी बाहेरून बसवू, मी घरी येऊन शिकवीन, असं पुष्कळ बोलल्या. चांगल्या बाई आहेत. त्या बोलत होत्या आणि चुलीवरची भाकरी जळत होती. ती कोणी उतरवली नाही.

त्या दिवशी निंगव्वाने मोबाइल काढून घेतला. पोरीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. तिसऱ्या दिवशी मोबाइल परत दिला. मी कोण नावं ठेवणार!

बाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी चूल आत गेली. गोणपाट गटाराकडेला फेकलं गेलं. आता सकाळपासून त्या खोलीतून थपथप ऐकू येते, पूर्ण जोर लावलेली, सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी. धुराला कंटाळून चंद्रिका बाहेर पायरीवर येऊन बसते. वैजयंतीबाई दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा ती संडासात जाऊन बसली. माझ्याकडे ती आता येत नाही. नवा डायलॉग लागत नाही तिला.

चार दिवस माझ्या ताटलीत भाकरी आली नाही. पाचव्या दिवशी निंगव्वा आली. दोन भाकरी, मऊ, वर शेंगांची चटणी. ताटली खुर्चीच्या हातावर ठेवली. मी म्हणालो, "निंगव्वा, चुकलो मी."

ती जायला वळली होती. दारातच थांबली.

"बाईंना तुमी खरेच आजोबा वाटला म्हणं, आप्पा. मला बी वाटलं हुतं."